फॉरमॅट मारला, पण पुसलं काय?

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकून देतो, डीला हात लावत नाही." गिऱ्हाईक निर्धास्त होतं. तोच लॅपटॉप पुढं स्वतः वापरायचा असेल तर निर्धास्त व्हायला हरकतही नाही. पण तो पुतण्याला द्यायचा असेल, एक्स्चेंजमध्ये घालायचा असेल किंवा विकायचा असेल, तर हेच वाक्य महागात पडतं. डीमध्ये लग्नाचे फोटो, आधार-पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती, इन्कम टॅक्सची जुनी विवरणपत्रं सगळं जसंच्या तसं राहतं. आणि सीमधलंही वाटतं तेवढं जात नाही.

हा प्रश्न सध्या घरोघरी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळे कीबोर्डपासून स्क्रीनपर्यंत धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप एका हातातून दुसऱ्या हातात चालले आहेत. कुणी त्यावर लिनक्स टाकतं, कुणी मिळेल त्या भावात काढून टाकतं. दोन्ही वेळा आधी 'डिस्क साफ करायची' असं म्हटलं जातं, पण दोन्ही वेळचं साफ करणं एक नव्हे.

डिस्कवर फाइल लिहिली जाते तेव्हा दोन गोष्टी होतात. मजकूर कुठल्या तरी सेक्टरांमध्ये जाऊन बसतो आणि तो कुठं बसला याची नोंद एका तक्त्यात होते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत या तक्त्याला मास्टर फाइल टेबल म्हणतात. फाइल डिलीट केली की तक्त्यातल्या त्या नोंदीवर 'जागा मोकळी' अशी खूण होते, बस्स. मजकुराला कुणी हात लावत नाही. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातली ज्वारी नाहीशी होत नाही, त्यातलाच प्रकार. क्विक फॉरमॅटमध्ये नवा कोरा तक्ता मांडला जातो, साध्या हार्ड डिस्कवरचा मजकूर तसाच पडून राहतो. पुढं कधीतरी त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं तरच जुनं जातं.

आता हिशोब करा. एक टीबीची डिस्क, म्हणजे हजार जीबी. नवं विंडोज ११ टाकल्यावर ते सुरुवातीला पंचवीस-तीस जीबी जागा घेतं. म्हणजे जुन्या मजकुरापैकी फार तर तीन टक्के भाग झाकला गेला. उरलेला सत्त्याण्णव टक्के फुकट मिळणाऱ्या रिकव्हरी प्रोग्रॅमला वाचता येतो. हेच प्रोग्रॅम आपण चुकून उडालेले फोटो परत मिळवायला वापरतो आणि त्यांना मनापासून दुवा देतो. लॅपटॉप विकल्यावर मात्र ते पुढच्या माणसाच्या हाती असतात.

ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट या दोघांनी २००० ते २००२च्या दरम्यान १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत मिळून पाच हजारांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक निघाले, वैद्यकीय कागदपत्रं निघाली, प्रेमपत्रंही निघाली. एक डिस्क इलिनॉय राज्यातल्या एटीएम यंत्रातली असावी, कारण तिच्यात खात्यांचे क्रमांक आणि शिल्लक रकमा जशाच्या तशा होत्या. कित्येक डिस्क आधीच्या मालकांनी फॉरमॅट केलेल्या होत्या. म्हणजे ही माणसं निष्काळजी नव्हती, त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे काळजी घेतली होती.

मोठ्या कंपन्यांचंही वेगळं नाही. सप्टेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकानं मॉर्गन स्टॅन्लीच्या एका विभागाला ३.५ कोटी डॉलरचा दंड केला. जुने सर्व्हर आणि डिस्क निकालात काढायचं काम त्यांनी सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं होतं, तिला डेटा पुसण्याचा काहीच अनुभव नव्हता, आणि त्यातली काही यंत्रं ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात पोचली. प्रश्न सुमारे दीड कोटी ग्राहकांचा होता.

तर पहिला निर्णय हा: यंत्र आपल्याकडेच राहणार की जाणार? आपल्याकडेच राहणार असेल तर डिस्कवर तासन्‌तास शून्यं लिहीत बसण्याची काहीही गरज नाही. व्हायरस आला म्हणून 'खोलवर' साफ करायचं, असा हट्ट काही जण धरतात. त्यात फारसा अर्थ नाही. विंडोजच्या सेटअपमध्ये जुने सगळे पार्टिशन डिलीट करून मोकळ्या जागेत नवं टाकलं की डिस्कवर उरलेला जुना व्हायरस हा नुसता बेवारस मजकूर होतो, तो आपणहून चालू होत नाही. इथं वेळ घालवायचा तो बॅकअपवर.

आणि बॅकअप हीच जागा जिथं सगळं हुकतं. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही फोल्डरं सीमध्येच असतात, हे अनेकांच्या गावीही नसतं. सी फॉरमॅट मारला की डेस्कटॉपवर मांडून ठेवलेलं सगळं गेलं. दुकानदाराच्या लॅपटॉपवर टॅलीचा डेटा बऱ्याचदा सीमध्येच पडलेला असतो. डीटीपीवाल्यांचे श्रीलिपीचे फाँट, आउटलुकची मेलची फाइल, ब्राउझरनं लक्षात ठेवलेले पासवर्ड, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर या गोष्टी फॉरमॅट मारल्यानंतरच्या सोमवारी सकाळी आठवतात. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फाइलींवर ढगाचं छोटं चित्र आहे का ते पाहावं. असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, क्लाउडवर आहे. कॉपी झाली म्हणजे काम झालं असंही समजू नये. बाहेरच्या डिस्कवरच्या चार-सहा फाइली दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहाव्यात, आणि पुढचं काही करण्याआधी ती बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवावी. का, ते लगेच कळेल.

यंत्र दुसऱ्याकडे जाणार असेल तर पुसणं आलं. आणि कसं पुसायचं हे आत कुठली डिस्क आहे यावर ठरतं. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कवर क्लिक केलं की एचडीडी की एसएसडी ते तिथंच लिहिलेलं दिसतं.

एचडीडी, म्हणजे फिरत्या चकत्यांची जुनी डिस्क असेल तर काम सोपं आणि कंटाळवाणं आहे. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करायचा, सेटअपचा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ १० एकदम दाबायचं. काळी खिडकी उघडते. तिच्यात 'डिस्कपार्ट' हा आदेश, मग 'लिस्ट डिस्क'. यादी येते: एक ९३१ जीबी, एक १४ जीबी. ९३१ ही तुमची एक टीबीची डिस्क (कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या), आणि १४ हा पेन ड्राइव्ह. बॅकअपची डिस्क लावलेली राहिली असेल तर तीही इथं ९३१ जीबीच दाखवेल, आणि दोन सारख्या ओळींतून कुठली पुसायची हे नशिबावर जाईल. क्रमांकावर भरवसा ठेवू नये. शून्य क्रमांकाची डिस्क म्हणजे आतलीच, असा काही नियम नाही. आकार पाहून 'सिलेक्ट डिस्क' आणि मग 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' म्हटलं तर फक्त पार्टिशनांची माहिती पुसली जाते आणि ते दोन सेकंदांत होतं. 'ऑल' जोडलं की पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्यं लिहिली जातात. टक्केवारी दिसत नाही, पट्टी सरकत नाही, नुसता कर्सर लुकलुकतो. लॅपटॉपची डिस्क सेकंदाला सरासरी शंभर एमबी लिहिते असं धरलं तर एक टीबीला पावणेतीन तास होतात, जुन्या डिस्कला याहून जास्त. चार्जर लावलेला असू द्यावा.

डी ड्राइव्हसारखा एखादाच भाग पुसायचा असेल तर विंडोजमधूनच फॉरमॅट करताना 'क्विक'समोरची खूण काढून टाकावी. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये असा पूर्ण फॉरमॅट खरोखर शून्यं लिहितो. एक्सपीत तो फक्त खराब सेक्टर शोधायचा. जुने जाणकार अजून एक्सपीच्या आठवणीवर 'पूर्ण फॉरमॅटनंही काही होत नाही' असं सांगतात, ते यामुळे.

एकदा शून्यं लिहिणं पुरतं का? की तीनदा, सातदा, पस्तीसदा? पस्तीसचा आकडा न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या पीटर गटमन यांच्या १९९६च्या शोधनिबंधातून आला. त्या काळच्या डिस्कवर नवं लिहिल्यानंतरही जुन्या चुंबकीय खुणांचा अंश उरतो आणि प्रयोगशाळेत तो वाचता येऊ शकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पस्तीस फेऱ्यांची यादी दिली: आधी चार फेऱ्या यादृच्छिक आकड्यांच्या, मग सत्तावीस ठरावीक नमुन्यांच्या, शेवटी पुन्हा चार यादृच्छिक. मधले सत्तावीस नमुने डिस्कवर माहिती साठवण्याच्या वेगवेगळ्या जुन्या पद्धतींसाठी होते. कुठल्याही एका डिस्कला ते सगळे लागू पडणं शक्यच नव्हतं. पण डिस्क पुसणाऱ्या प्रोग्रॅमांनी पर्यायांच्या यादीत 'गटमन ३५' टाकलं आणि लोक जास्त आकडा म्हणजे जास्त सुरक्षा या हिशोबानं तोच निवडू लागले. खुद्द गटमन यांनी पुढं आपल्याच निबंधाला पुरवणी जोडून या मंत्रतंत्राची खिल्ली उडवली. आजच्या एक टीबी डिस्कवर पस्तीस फेऱ्या म्हणजे सलग चार दिवस.

या वादाचा कसून तपासलेला एक निकाल भारतात वाचला गेला. डिसेंबर २००८मध्ये हैदराबादला माहिती सुरक्षेवरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथं क्रेग राइट आणि सहकाऱ्यांचा निबंध होता. त्यांनी एकदा पुसलेल्या डिस्क सूक्ष्मदर्शकाखाली घालून जुने बिट ओळखता येतात का ते पाहिलं. वापरलेल्या डिस्कवर, नेमकी जागा ठाऊक असतानाही, एक बिट बरोबर ओळखण्याची शक्यता छप्पन टक्क्यांच्या आसपास आली. नाणं उडवलं तरी पन्नास टक्के मिळतातच. एका अक्षराला आठ बिट धरले तर आठही बरोबर येण्याची शक्यता एक टक्क्यावर येते, आणि एक अख्खं वाक्य विसरूनच जावं. (हेच क्रेग राइट पुढं आपणच बिटकॉइनचे जनक असल्याचं सांगत फिरले आणि मार्च २०२४मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं तो दावा फेटाळला. पण डिस्कच्या बाबतीत त्यांचा निष्कर्ष इतरांशी जुळतो.) अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं मार्गदर्शनही आधुनिक चुंबकीय डिस्कला एक फेरी पुरेशी मानतं. तेव्हा एचडीडीला एकदा शून्यं लिहा आणि झोपायला जा.

एसएसडीचं गणित सगळंच निराळं. आणि गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपांत बहुतेक एसएसडीच असते.

एसएसडीत फिरणारं काही नसतं, फ्लॅश चिपा असतात. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी पूर्ण ब्लॉक साफ करावा लागतो, आणि प्रत्येक ब्लॉक असा ठरावीक वेळाच साफ करता येतो, आजच्या साध्या डिस्कमध्ये साधारण हजार ते तीन हजार वेळा. एकच ब्लॉक लवकर झिजू नये म्हणून डिस्कमधला कंट्रोलर प्रत्येक नवं लिखाण वेगळ्याच जागी नेतो आणि आतल्या आत एक पत्त्यांची वही ठेवतो. विंडोजला वाटतं की आपण शंभराव्या सेक्टरवर शून्यं लिहिली. प्रत्यक्षात ती भलत्याच चिपेत गेलेली असतात आणि जुना मजकूर मूळ जागी, कंट्रोलरला सवड होईपर्यंत, तसाच पडलेला असतो. वर पुन्हा डिस्कवर जितकी जागा दाखवली जाते त्याहून जास्त फ्लॅश आत असतो, सहसा निदान सात टक्के. त्या राखीव भागापर्यंत विंडोज पोचूच शकत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११मध्ये चिपा सोडवून थेट वाचल्या. एकेक फाइल 'सुरक्षितपणे' पुसणारे प्रोग्रॅम वापरल्यावर एसएसडीत त्या फाइलींचा ४ ते ७५ टक्के मजकूर शिल्लक निघाला. त्याहून खटकणारी गोष्ट डिस्कच्या स्वतःच्या आदेशाची. डिस्कला आतूनच सगळं साफ करायला सांगणारा 'सिक्युअर इरेज' हा आदेश बारापैकी आठ डिस्कमध्ये होता आणि चारच डिस्कनी तो खात्रीनं पाळला. एका डिस्कनं तर काम फत्ते झाल्याचं कळवलं, आत मात्र सगळा मजकूर शाबूत होता. ॲपलनं २०१५च्या एल कॅपिटनमधून मॅकवरची 'सिक्युअर एम्प्टी ट्रॅश' ही सोय काढून टाकली, तीही याच कारणानं. फ्लॅशवर तिची हमी देता येत नव्हती.

गेल्या दशकात परिस्थिती बरीच सुधारली. फाइल डिलीट केली किंवा क्विक फॉरमॅट मारला की विंडोज एसएसडीला 'ट्रिम'चा निरोप देतं, या जागा आता नको आहेत म्हणून. त्यानंतर बहुतेक डिस्क त्या जागी शून्यंच दाखवतात. म्हणूनच एसएसडीवरून उडालेले फोटो परत मिळवणं अवघड झालंय, आणि गल्लीतल्या रिकव्हरीवाल्याच्या हाती विकलेल्या एसएसडीतून फारसं लागत नाही. पण 'फारसं नाही' हे बँकेच्या, वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या लॅपटॉपला पुरणारं उत्तर नव्हे. त्यांनी डिस्कला स्वतःला पुसायला लावावं. कार्यालयीन वापराच्या एचपी, डेल, लेनोव्हो लॅपटॉपांत ही सोय बायोसमध्येच असते, नावं वेगवेगळी: सिक्युअर इरेज, डेटा वाइप, सिक्युअर वाइप. बायोसमध्ये नसेल तर डिस्क बनवणाऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम किंवा लिनक्सचा पेन ड्राइव्ह. यात एक गंमतीदार अडचण येते. साटा जोडणीची एसएसडी कधीकधी 'फ्रोझन' असल्याचं सांगून आदेश नाकारते, कारण चालू होतानाच बायोसनं तिला कुलूप घातलेलं असतं. लॅपटॉप झोपवून पुन्हा जागा केला की बहुधा हे कुलूप निघतं. एसएसडीवर सात फेऱ्या शून्यं लिहिण्यात मात्र नुसती झीज आहे.

माझ्या मते या सगळ्यावरचा खरा उपाय पुसण्याच्या दिवशी सुरू होत नाही, लॅपटॉप घेतल्या दिवशी होतो. डिस्क पहिल्यापासून एन्क्रिप्टेड असेल तर तिच्यावर वाचण्यासारखं काही लिहिलंच जात नाही. किल्ली नष्ट केली की राखीव सात टक्क्यांसकट सगळा मजकूर निरर्थक आकड्यांचा ढीग होतो, आणि याला तास लागत नाहीत. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग इन केलं की हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. याची दुसरी बाजू दुकानात दिसते. विंडोज चालू होईना म्हणून दुरुस्तीवाला डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावतो, आणि समोर ४८ आकडी रिकव्हरी की मागणारी खिडकी येते. गिऱ्हाईकाला अशी काही किल्ली असते हेच माहीत नसतं. ती त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ज्याला खात्याचा पासवर्डही आठवत नाही त्याचा डेटा मात्र गेला. तेव्हा लॅपटॉप ठणठणीत असतानाच ती किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

काळी खिडकी, आदेश हे ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी सेटिंग्जमधलं 'रीसेट धिस पीसी' आहे. तिथं 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून पुढच्या पर्यायांत 'क्लीन डेटा' चालू करायचं, नाहीतर फक्त वरवरची झाडलोट होते, आणि सगळे ड्राइव्ह निवडायचे, नाहीतर डी पुन्हा तसाच. ही सोयही धुतल्या तांदळासारखी नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टनंच मान्य केलं होतं की वनड्राइव्हच्या काही फाइली रीसेटनंतरही जुन्या फोल्डरात राहून जातात. ती चूक पुढं दुरुस्त झाली. नव्या मॅकवर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' हे एक बटण पुरतं, पण त्यासोबत ॲपल खात्यातून बाहेर पडल्याची खात्री करावी, नाहीतर घेणाऱ्याला कुलूपबंद मॅक मिळतो आणि तो रात्री अकरा वाजता फोन करतो.

पुसून झाल्यावर नवं विंडोज टाकायला बसलं की कधीकधी घाम फुटतो. सेटअप म्हणतं, डिस्कच नाही. पुसण्याच्या नादात डिस्क मेली असं वाटतं, पण इंटेलच्या अकराव्या आणि पुढच्या पिढ्यांच्या लॅपटॉपांत बहुधा कारण वेगळं असतं. तिथं डिस्क व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि पेन ड्राइव्हवरच्या विंडोजजवळ तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, उलगडून, त्याच पेन ड्राइव्हवर ठेवला आणि 'लोड ड्रायव्हर'वर क्लिक केलं की डिस्क यादीत येते. विंडोजच्या परवान्याची चिंता सहसा नको. विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपची किल्ली विंडोज ८पासून मदरबोर्डवरच कोरलेली असते, इंटरनेट लागलं की विंडोज आपसूक सक्रिय होतं. त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

राहता राहिली मेलेली डिस्क. जी चालूच होत नाही तिच्यावर शून्यं लिहिता येत नाहीत, पण तिच्यावरचा मजकूर मेलेला नसतो. सर्किट बदलून तो निघू शकतो. इथं हातोडा. लॅपटॉपच्या अडीच इंची हार्ड डिस्कच्या चकत्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि घाव बसला की त्यांचा चुरा होतो. डोळ्यांना चष्मा हवा. एसएसडीत मात्र ड्रिलनं एक भोक पाडून भागत नाही, प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे. तुकडे भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावेत. वॉरंटीतल्या डिस्कची अडचण वेगळी: नवी मिळते ती जुनी परत करण्याच्या अटीवर, आणि हातोडा मारलेली डिस्क कंपनी परत घेत नाही. डेलसारख्या काही कंपन्या जुनी डिस्क ग्राहकाकडेच राहू देण्याची सेवा वेगळे पैसे घेऊन विकतात. ती लॅपटॉप घेतानाच, बिल होण्याआधी विचारावी लागते.